श्रद्धा नसलेल्या माणसाने दुःखात कशाचा आधार घ्यावा?

लालबागचा वाटसरू

माझी आई चार महिन्यांपूर्वी गेली. वय एकाहत्तर. आजार वर्षभराचा होता, त्यामुळे मनाची तयारी झाली आहे असे मी धरून चाललो होतो. ती झालेली नव्हती, हे आई गेल्यावरच कळले. विशीत असल्यापासून मी निरीश्वरवादी आहे. कुणाशी वाद घालून झालो असे नाही, श्रद्धा हळूहळू उरली नाही, इतकेच. आईला ते ठाऊक होते आणि तिने त्याचा कधी बाऊ केला नाही. पूजा करताना तुझ्या वाटच्या चार अक्षता मीच वाहते, असे ती हसत हसत सांगत असे.

सांत्वनाला येणारी माणसे जे बोलतात, त्यातले काहीच मला घेता येत नाही. ‘देवाला आवडली’, ‘सुटली बिचारी’, ‘वरून पाहते आहे सगळं’, ‘घरात पाळणा हलला की तीच आली असं समजा’. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी मान डोलावतो. आणि ते गेले की अधिकच एकटा पडतो, कारण त्यांच्याजवळ निदान एक वाक्य आहे आणि माझ्याजवळ तेही नाही.

आम्ही चाळीत राहतो. ज्या जागी आईला ठेवले होते तिथे मावशीने तांदळाचे पीठ पसरले, त्यावर पणती लावली आणि वरून टोपली झाकली. सकाळी पिठावर कसला ठसा उमटला आहे ते पाहायचे, म्हणजे जीव कोणत्या जन्माला गेला ते कळते, अशी ही समजूत. वडिलांकडे पाहून मी काही बोललो नाही. सकाळी टोपली उचलल्यावर मावशी म्हणाली, ‘चिमणीचं पाऊल आहे.’ आणि यातल्या एका अक्षरावरही ज्याचा विश्वास नाही तो मी, गुडघे टेकून, चष्मा पुसून पाहू लागलो. पिठावर तीन बारीक भेगा एका ठिकाणी मिळाल्या होत्या. पणतीच्या उबेने पीठ तडकले असावे. पण मला त्या क्षणी ती चिमणी हवी होती, आणि ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

दुसरी गोष्ट गॅसची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख आई लिहून ठेवत असे. तिचे शेवटचे अक्षर तीन तारखेच्या चौकटीत आहे: ‘गॅस लावला’. एकोणीसला ती गेली. सुरुवातीचे दिवस शेजाऱ्यांकडून डबे येत होते, त्यामुळे तो सिलिंडर पुढे पाच आठवडे पुरला. ज्या सकाळी चहा अर्धा उकळलेला असताना शेगडी विझली, त्या सकाळी मी जेवढा रडलो तेवढा स्मशानातही रडलो नव्हतो. बाबांना वाटले, माझा हात भाजला.

आता प्रश्न. ज्यांची श्रद्धा नाही, पुनर्जन्म नाही, वर कुणी नाही, अशा या मंचावरच्या मंडळींनी जवळचे माणूस गेल्यावर नेमके काय केले? तत्त्वज्ञान नको; केलेले सांगा. आणि एक अडचण अशी की वर्षश्राद्ध वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर मीच करावे असे बाबांना वाटते. मी एकुलता एक मुलगा आहे. समजत नसलेले आणि पटत नसलेले मंत्र गुरुजींच्या मागून म्हणणे मला आईशी खोटे बोलण्यासारखे वाटते. नाही म्हणालो तर बाबांना वाटेल, तिचे कुणी काही केले नाही.

जुनी चाळ

तुम्ही केलेले विचारले आहे, म्हणून आधी आमचे चुकलेले सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या देवपूजा नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे आम्ही काहीही केले नाही. विद्युतदाहिनी, दोन तासांत सगळे आटोपले, आणि आम्ही भावंडे घरी परतलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. त्यानंतर काय करायचे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. धाकट्याने पंखा लावला. मी वर्तमानपत्र उघडले. भेटायला येऊ पाहणाऱ्यांना आम्ही कळवून टाकले होते की आमच्याकडे दिवसवार नाहीत, त्यामुळे कुणी आलेही नाही. तत्त्व पाळले गेले. पण वडील गेल्याच्या दुःखाइतकीच ती दुपार आजही अंगावर येते.

पुढे जोतीरावांविषयी वाचताना माझ्या लक्षात आले की आमची गफलत कुठे झाली. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला तेव्हा त्याने मध्यस्थ भटजी काढून टाकला; माणसांनी जमून करायचा विधी काढून टाकला नाही. लग्न लावायचे, पण आपल्या भाषेत, आपल्याला कळेल असे. मृत्यूचेही तसेच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे न्यायचे मडके, सावित्रीबाईंनी स्वतः धरले. हातात टिटवे धरून चालणे यात परलोकाचे काय आहे? जे आहे ते एका बाईचे आपल्या माणसाबरोबर शेवटपर्यंत चालत जाणे आहे. आम्ही देवाबरोबर ते चालणेही टाकून दिले होते.

म्हणून आई गेली तेव्हा निराळे केले. दहा दिवस रोज संध्याकाळी सात ते आठ घर उघडे ठेवले. येणाऱ्याने आईची एक तरी गोष्ट सांगायची, आणि माझ्या पुतणीने ती वहीत उतरवायची, एवढाच नियम. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची भाजीवाली येऊन सांगून गेली की संपाच्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, गिरणीतला पगार बंद झाला तेव्हा आई तिच्याकडून उधारीवर भाजी घेऊन ती शेजारच्या दोन घरांत वाटत होती. आम्हाला ते माहीत नव्हते. वडिलांनाही नसावे. गेलेल्या माणसाविषयी नवे काही कळणे, यासारखा आधार मला तरी दुसरा सापडला नाही.

तुम्हाला एक विचारतो. आईचे कोणते काम अर्धे राहिले आहे? प्रत्येक घरात एक असते. ते शोधा आणि पुरे करा. वर्षश्राद्धाविषयी म्हणाल तर जा, करा. ते आईसाठी नसून बाबांसाठी आहे असे धरले की खोटेपणा राहत नाही.

शरीररचना

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बावीस वर्षे शरीररचना हाच विषय शिकवून निवृत्त झालो आहे. निरीश्वरवादी माणसाला कुणीतरी हमखास पाठवतो त्या एका संदेशाविषयी आधी बोलतो: ‘ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून तुमची आईही कुठे गेलेली नाही.’ कृपा करून याचा आधार घेऊ नका. देहातली ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते, तिच्यात आईची ओळख नसते. आत्म्यालाच भौतिकशास्त्राचा कोट घातलेला हा प्रकार आहे. तुमच्या मावशींचे पीठ त्यापेक्षा प्रामाणिक. तिथे निदान वाकून पाहता तरी येते.

विज्ञानाने दिलेले खरे हवे असेल तर ते लहान आहे, पण पक्के आहे. तुमच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच येतात. शिवाय गर्भावस्थेत आईच्या काही पेशी वार, म्हणजे आई आणि बाळ यांना जोडणारा अवयव, ओलांडून बाळाच्या शरीरात येतात, आणि त्यांचे वंशज मूल मोठे झाल्यावरही त्याच्या शरीरात सापडू शकतात. उलट दिशेनेही हे घडते. यातून कुणी कुणाला निरोप पाठवत नाही. तरीही माझी आई गेली त्या रात्री मला हे आठवले आणि बरे वाटले, हे मी नाकारणार नाही.

आता देहदानाविषयी, कारण हा प्रश्न इथे कधीतरी येणारच. महाराष्ट्रात याला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याचा आधार आहे. अर्ज भरून ठेवलेला असला तरी प्रत्यक्ष त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, म्हणून घरात बोलून ठेवणे अर्जापेक्षा महत्त्वाचे. मृत्यूचा दाखला हवा, आणि देह काही तासांतच पोहोचवावा लागतो. अपघात, शवविच्छेदन झालेला देह, काही संसर्गजन्य आजार, अशा वेळी तो स्वीकारला जात नाही. डोळे मात्र बहुतेकांना देता येतात. सहा तासांच्या आत, वयाची अट नाही, चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. घाईगडबडीत पंख्याचे नेमके विसरले जाते.

पहिल्या वर्षाची मुले विच्छेदन कक्षात येतात तेव्हा प्रथम उभे राहून शपथ घेतात, की या देहाचा मान राखू. त्यांना नाव माहीत नसते. एका वर्षी एका मुलीने मला विचारले, ‘सर, या आजींच्या उजव्या तर्जनीवर इतके बारीक खड्डे कशाचे?’ सुईचे होते. आयुष्यभर शिवणकाम केलेले बोट. त्या टेबलावरची मुले वर्षभर त्यांना ‘शिवणवाल्या आजी’ म्हणत. मी एवढे सांगितले तरी देहदान हा शोकावरचा उपाय आहे असे म्हणणार नाही. देह दिला की अस्थी नाहीत, राख नाही, आणि पुष्कळ घरांना नंतर रितेपणा जाणवतो. ‘जुनी चाळ’ यांनी सांगितलेली सातची बैठक अशा घरांनी तर नक्कीच करावी.

माळकरी

मी वारकरी आहे, तेव्हा इथे बोलण्याचा अधिकार किती हे ठाऊक नाही. माझा थोरला मुलगा एकतिसाव्या वर्षी गेला. लालबागकर, श्रद्धावंतांजवळ निदान एक वाक्य आहे असे आपण लिहिले. ते वाक्य आम्ही दुसऱ्यांच्या घरी जाऊन म्हणतो. स्वतःच्या घरी मला ते म्हणता आले नाही. दोन वर्षे मी वारीला गेलो नाही. तिसऱ्या वर्षी दिंडीतले लोक घरी येऊन मला घेऊन गेले. मला पुन्हा उभे केले ते विठ्ठलाने की त्या माणसांनी, याचा हिशेब मी मांडत नाही. आपण मांडलात तर आपले उत्तर माझ्यापेक्षा निराळे येईल, पण दोघांनाही चालावे तेवढेच लागेल.

अर्धविराम

माळकरी, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

लालबागकर, माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, आणि आमच्या दोघांचीही कशावर श्रद्धा नव्हती. ‘जुनी चाळ’ यांच्या एका मुद्द्याशी माझे जुळत नाही. बाबांसाठी म्हणून मुकाट्याने श्राद्धाला बसू नका. मी सासूबाईंसाठी बसले होते, आणि मनात त्यांच्याविषयी जो राग साठला तो जायला वर्ष लागले. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. आधी बाबांना सरळ सांगा की मंत्रांवर माझा विश्वास नाही, पण तुमच्याबरोबर येईन. मग जे ठरेल ते ठरेल. ऐंशीच्या घरातली माणसे आपण समजतो तितकी ठिसूळ नसतात.

त्या काळात मी पुष्कळ वाचले, कारण रात्री झोप येत नसे. शोकाच्या पाच पायऱ्या आता सर्वांना पाठ आहेत: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. कुब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मी कित्येक महिने आपण कितव्या पायरीवर आहोत ते शोधत होते आणि जिना सापडत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होते. पुढे स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ साली मांडलेली गोष्ट वाचली आणि जीव भांड्यात पडला. त्यांच्या मते शोक झोपाळ्यासारखा चालतो: कधी माणूस गेलेल्यात बुडालेला असतो, कधी वीजबिल, मुलांची शाळा, नवी कामे यांत, आणि ही ये-जा हेच त्याचे निरोगी चालणे आहे. दुपारी बँकेत हसून बोललो म्हणून रात्री अपराधी वाटण्याचे कारण नाही.

आणखी एक. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड पक्का नास्तिक. गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम, असे त्याने १९१७ साली लिहिले. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी तापाच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिताना तो म्हणतो, की ती जागा कशानेही भरत नाही, भरली तरी ते दुसरेच काहीतरी असते, आणि तसेच असायला हवे, कारण ते प्रेम आपल्याला सोडायचेच नसते. स्वतःच्या सिद्धान्ताला त्याने स्वतःच लावलेली ही ठिगळे मला सिद्धान्ताहून खरी वाटतात. आता अभ्यासकही मानतात की नाते तोडणे आवश्यक नाही. ते निराळ्या रूपाने चालू राहते. यजमानांच्या खुर्चीत मी आजही बसत नाही, आणि त्याला अंधश्रद्धा म्हणायला मी तयार नाही. तुम्ही पिठावर वाकलात त्यालाही म्हणू नका. तुम्ही पुनर्जन्म शोधत नव्हता, आईला शोधत होता.

एक सावधगिरी मात्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता स्वतंत्र विकार मानला आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ आणि वेदना तितक्याच तीव्रतेने राहून रोजचे जगणे अडत असेल, आणि ते आपल्या समाजातल्या नेहमीच्या शोकाच्या फार पलीकडे गेले असेल तर. शेगडी विझली म्हणून रडणे त्यात येत नाही. पण झोप, जेवण, काम हे सगळेच सुटत चालले, किंवा जगण्यात राम नाही असे सतत वाटू लागले, तर थांबू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येते. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा काहीच न बोलता ठेवून दिला होता. दुसऱ्यांदा बोलले.

लालबागचा वाटसरू

तीन महिन्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.

‘अर्धे राहिलेले काम’ वाचले तेव्हा मला काहीच आठवले नाही. मग तांदळाच्या डब्यामागे भिशीची वही सापडली. बारा बायका, महिना हजार रुपये, पाच तारखेला चिठ्ठी. ती आई चालवत असे. ती गेली तेव्हा तीन नंबर यायचे बाकी होते, आणि चाळीतल्या एकाही बाईने चार महिन्यांत आमच्या दारात तो विषय काढला नव्हता. ज्यांचा नंबर लागला नव्हता त्यांनीही नाही.

पुढच्या पाच तारखेला मी वही घेऊन निघालो. ज्यांना पैसे आधीच मिळाले होते त्यांनीही काही न विचारता हजार-हजार काढून दिले; आईचा हप्ता बाबांनी दिला. प्रत्येक घरी चहा झाला. आई मला सांगत नसे अशा पुष्कळ गोष्टी मला आता ठाऊक आहेत. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितले की ती भिशीच्या दिवशी हिशेब जुळेपर्यंत जेवत नसे. दुसऱ्या मजल्यावर एकीने सांगितले की माझ्या नास्तिकपणाचा तिला थोडा अभिमान होता, म्हणजे ‘पोरगा विचार करतो’ असे ती म्हणत असे. हे खरे की मला बरे वाटावे म्हणून सांगितलेले, मला कळायला मार्ग नाही. शरीररचना सरांना हा पुरावा चालणार नाही, मला चालतो.

बाबांशी सरळ बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘मंत्र मी म्हणेन. तू पाण्याची कळशी धर, माझा हात हलतो.’ वर्षश्राद्धाला आम्ही दोघे वाळकेश्वरला जाऊ.

भिशीची शेवटची चिठ्ठी काढायची गरजच नव्हती. वही पाहिली तेव्हा कळले, चालवणारीला पहिला नंबर घेता येतो तरी आईने स्वतःचा नंबर शेवटी ठेवला होता. बारा हजार रुपये आले. त्यांचे काय करायचे ते बाबांना विचारले, तर म्हणाले, ‘तिचे आहेत, तिच्या डब्यात ठेव.’ मोजून, रबर लावून, तांदळाच्या डब्यामागे ठेवले आहेत. वहीत तिच्या नावापुढे खूण करायची राहिली होती, ती मी केली. अक्षर तिच्यासारखे आले नाही.